शाळेत मूल नशेत सापडलं, तर पुढे काय? (नियमावलीसाठी मदत हवी)

उंबरठा

मुलीच्या शाळेत पालक-शिक्षक समितीवर आहे. मध्यंतरी नववीच्या काही मुलांकडे व्हेप (ई-सिगारेट) सापडले आणि एकाच्या पाण्याच्या बाटलीत दारू निघाली. त्यावरून जी पालकसभा झाली तिचं वर्णन करत नाही, प्रत्येकाने आपापल्या शाळेतली आठवावी. निष्पन्न एवढंच की समितीने लेखी नियम करायचे, आणि लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. बाकीचे सगळे भांडण्यात गुंतले होते.

सभेत तीन मागण्या आल्या. सापडला की शाळेतून नाव काढा. अधूनमधून मुलांची लघवी तपासा. आणि पोलिसांना बोलावून एक दणदणीत व्याख्यान ठेवा. मला तिन्हींबद्दल शंका आहे, पण नुसत्या शंकेवर मसुदा उभा राहत नाही. शिक्षक, डॉक्टर, वकील, स्वतः यातून गेलेले, कोणीही असाल तर लिहा. तावातावाने लिहिलंत तरी चालेल, फक्त त्यातून एखादं कलम काढता यावं.

कुठल्या शाळेचं किंवा मुलाचं नाव मात्र नको.

हटवादी

यात चर्चा कसली? बाकीच्या शेकडो मुलांचा विचार कोण करणार? एकाच्या सुधारणेसाठी माझ्या पोराने त्याच्या शेजारी बसायचं का? नियम एका ओळीचा करा: सापडला, गेला. मुलांना कडक नियम कळतो, मोघम नियमातून ती वाट काढतात.

रिकामटेकडा

खुर्ची ओढून बसलो आहे. चालू द्या.

खडूफळा

हटवादी, राग समजू शकते. पण मी वर्गावर असते, म्हणून त्या एका ओळीचं पुढे काय होतं ते सांगते.

शिक्षा जितकी मोठी, तितकी ती कमी वेळा होते. स्वच्छतागृहातून गोडसर वास येतो, दोन पोरं घाईघाईने बाहेर पडतात. शिक्षकाच्या मनात पहिला विचार येतो तो असा: हे वर नेलं तर या पोराचं वर्ष जाणार, आईबाप येऊन रडणार, आणि वास सोडला तर माझ्याकडे पुरावा काय? मग तो घसा खाकरतो आणि पुढे जातो. असं वर्षभर चालतं. एक दिवस कोणीतरी इतकं उघड सापडतं की कानाडोळा करताच येत नाही, आणि वर्षभराचा सगळा कडकपणा त्या एकावर निघतो. त्यातही तो कोणाचा मुलगा आहे यावर समज द्यायची की दाखला, हे ठरतं. मुलांना हे गणित आपल्याआधी कळतं.

दुसरं म्हणजे काढलेला मुलगा जातो कुठे? घरी. घरात दिवसभर कोणी नसतं आणि सोबतीला शाळा सोडलेली मोठी मुलं असतात. त्याला रोज सहा तास पाहणारी, त्याचा चेहरा उतरला की लक्षात येणारी मोठी माणसं शाळेतच होती.

अनवट

खडूफळाताईंना दुजोरा. हा प्रयोग अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. १९९४ मध्ये तिथे शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढून टाकण्याचा केंद्रीय कायदा आला. त्याच सुमारास तोच 'झीरो टॉलरन्स' (एकदा सापडला की थेट कडक शिक्षा) बऱ्याच ठिकाणी दारू, गांजा, अगदी डोकेदुखीच्या गोळ्यांनाही लावला गेला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००८ मध्ये या सगळ्याचा आढावा घेतला. अशा धोरणाने शाळा अधिक सुरक्षित होतात किंवा वातावरण सुधारतं, याला आधार मिळाला नाही.

त्याहून कामाचा अभ्यास २०१५ मध्ये आला. अमेरिकेतलं वॉशिंग्टन राज्य आणि ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया, दोन्हीकडच्या मुलांना काही काळ मागोवा ठेवून प्रश्न विचारले होते. ज्या शाळा नियम मोडणाऱ्यांना निलंबित करत, तिथे नंतर गांजा ओढण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि हे फक्त निलंबित मुलांत नव्हे, शाळेतल्या एकूण मुलांत. जिथे सापडलेल्याला समुपदेशकाकडे पाठवत, तिथे कमी.

म्हणजे 'बाकीच्यांसाठी म्हणून याला काढा' हा युक्तिवाद बाकीच्यांच्या बाबतीतच लंगडा पडतो.

हटवादी

अभ्यास कशाचेही निघतात. मुळात वाईट शाळांतच निलंबन जास्त होत असेल, मग तिथे गांजाही जास्त दिसणारच.

अनवट

रास्त प्रश्न. शाळांमधले इतर फरक अभ्यासकांनी हिशेबात धरले होते, तरी अशा अभ्यासातून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मान्य. पण निलंबनामुळे नशा कमी होते असं दाखवणारा अभ्यास तुमच्याकडे असेल तर द्या, मी वाचेन.

तळटीप

वकील आहे. एकच गोष्ट सांगतो, पण सविस्तर, कारण शाळा नेमक्या इथे अडकतात: झडती.

२००३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात एका १३ वर्षांच्या मुलीवर गोळ्या वाटल्याचा संशय आला. गोळ्या कसल्या, तर आयबुप्रोफेन. दप्तरात काही सापडलं नाही. तरी तिला कपडे उतरवायला लावून अंतर्वस्त्रांपर्यंत झडती घेतली. तिथेही काहीच नव्हतं. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००९ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी ती झडती घटनाबाह्य ठरली. संशयाचं स्वरूप आणि झडतीची खोली यांचा मेळ बसला पाहिजे, असा त्या निकालाचा मथितार्थ. अधिकाऱ्यांना वैयक्तिक भरपाईतून मात्र सूट मिळाली.

कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, तेव्हा मसुदा स्थानिक वकिलाला दाखवाच. पण काही पथ्यं कुठेही पाळावीत. कोणाच्या तरी कानगोष्टीवरून अख्ख्या वर्गाची दप्तरं उपडी करायची नाहीत. दप्तर मुलानेच रिकामं करायचं, शिक्षकाने त्यात हात घालायचा नाही. खोलीत दोन मोठी माणसं हवीत आणि मुलगी असेल तर त्यातली एक बाई. अंगावरच्या कपड्यांना हात लावायचा नाही. तेवढाच गंभीर संशय असेल तर पालकांना बोलवा. आणि मोबाइल उघडून संदेश वाचणं ही वेगळी झडती आहे, ती 'जाता जाता' करून टाकायची नसते.

रिकामटेकडा

आमच्या वेळी दप्तर उपडं केलं की निम्मा वर्ग चिंचोक्यांसाठी शिक्षा खायचा. हलकेच घ्या.

निशिगंध

लघवीच्या चाचणीबद्दल, डॉक्टर म्हणून.

झटपट निकाल देणारी पट्टी म्हणजे चाळणी आहे, अंतिम निदान नाही. सर्दीच्या काही औषधांनी त्यात ॲम्फेटामिन (एक उत्तेजक द्रव्य) 'सापडू' शकतं, खसखस खाल्ल्याने अफूवर्गीय द्रव्य दिसू शकतं. खात्री करायला प्रयोगशाळेतली दुसरी चाचणी लागते. ती महाग आणि वेळखाऊ असते, आणि तेवढ्या वेळात पोराचं नाव शाळाभर झालेलं असतं.

त्यात दिसतं काय आणि दिसत नाही काय, हेही बघा. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत तो महिनाभरसुद्धा दिसू शकतो. दारू साध्या चाचणीत काही तासांत दिसेनाशी होते. थिनर, गोंद, व्हाइटनर हुंगणारं मूल नेहमीच्या पट्टीत सापडतच नाही, आणि लहान वयात हाच प्रकार जास्त आढळतो. म्हणजे चाचणी सुरू झाली की हुशार मुलं गांजाकडून दारूकडे वळणार. याला प्रतिबंध म्हणायचं का?

अमेरिकन न्यायालयांनी खेळाडूंची (१९९५) आणि पुढे इतर उपक्रमांतल्या मुलांची (२००२, ५ विरुद्ध ४) सरसकट चाचणी वैध ठरवली. पण वैध असणं वेगळं आणि उपयोगी असणं वेगळं. मिशिगन विद्यापीठाच्या २००३ च्या पाहणीत चाचणी करणाऱ्या आणि न करणाऱ्या शाळांत नशेच्या प्रमाणात फरक दिसला नाही. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१५ मध्येही शाळांतल्या सरसकट चाचणीला विरोध नोंदवला. त्यात आणखी एक खोच आहे: चाचणी खेळ आणि वाद्यवृंदासाठी लावली तर ज्याला भीती वाटते तो मुलगा तेच सोडून देतो. त्याला धरून ठेवणारी एकमेव गोष्ट आपणच काढून घेतो.

चाचणीपेक्षा प्रश्न विचारा. क्राफ्ट नावाची सहा प्रश्नांची साधी यादी आहे, १२ ते २१ वयासाठी. नशेत असलेल्या कोणाच्या गाडीत बसलास का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर केलेलं काही आठवत नाही असं झालंय का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, अशा धाटणीची. दोन किंवा जास्त 'हो' आले तर नीट तपासणीची गरज समजावी. पण हे प्रश्न मुख्याध्यापकांनी टेबलापलीकडून विचारायचे नसतात. उत्तर शिक्षेच्या फायलीत जाणार नाही, याची खात्री असेल तरच मूल खरं बोलेल.

दुपारची_शिफ्ट

सहसा वाचून निघून जातो. आज लिहितो.

आमच्या शाळेत 'सापडला, गेला' हाच नियम होता. स्नेहसंमेलनाच्या तालमीला आमच्यातला एक जण इतका प्यायला की व्यायामशाळेच्या गादीवर आडवा झाला आणि हलवला तरी उठेना. आम्ही काय केलं? त्याचं तोंड पुसलं, वास येऊ नये म्हणून दुसऱ्याचा शर्ट त्याला घातला, दारावर एकाला उभं केलं. उताणाच होता तो. घशात घरघर होत होती, आणि आम्ही तिला घोरणं समजून आपसात हसत होतो. पलीकडच्या खोलीत तीन शिक्षक बसले होते. आम्हा सगळ्यांना नियम तोंडपाठ होता, म्हणून एकानेही ते दार वाजवलं नाही. तो वाचला, पण त्यात आमचं किंवा शाळेचं काही कर्तृत्व नाही.

मी स्वतः पुढे वेगळ्या प्रकरणात निलंबित झालो. परत आलो त्या दिवशी वर्गशिक्षकांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. पहिल्या बाकावर एकट्याला बसवलं. रोज फाटकाशी सगळ्यांसमोर माझं दप्तर बघायचे. चुकलेली प्रात्यक्षिकं भरून घ्यायची सोय नव्हती, म्हणून त्या विषयात गेलो. सुट्टीत माझ्याशी बोलायला कोण आलं असेल, सांगा बघू. व्यसन सुटलं ते फार पुढे. त्याचं श्रेय शाळेला नाही आणि सगळा दोषही शाळेचा नाही. पण उंबरठा, तुम्ही नियम लिहाल तेव्हा परत येण्याच्या दिवसाचाही लिहा. काढायचे नियम सगळ्यांकडे असतात.

निशिगंध

दुपारची_शिफ्ट, लिहिलंत ते बरं केलंत.

ती घरघर म्हणजे श्वासमार्ग अडत असल्याची खूण. हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना माहीत हवं, म्हणून इथेच लिहून ठेवते. उठवून उठत नाही, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, ओठ निळसर, अंग गार: यातलं एकही दिसलं तर आधी रुग्णवाहिका, मग पालक, मग बाकीचं सगळं. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, मुद्दाम उलटी काढायला लावू नका. 'झोपू दे, उतरेल' हे सगळ्यात घातक वाक्य. शेवटच्या घोटानंतरही रक्तातली दारू काही वेळ वाढतच असते. कॉफी, थंड पाणी, फिरवून आणणं, कशानेही ती लवकर उतरत नाही.

थिनर किंवा स्प्रे हुंगताना कोणी दिसलं तर ओरडू नका, मागे धावू नका. ही द्रव्यं हृदयाला अतिसंवेदनशील करून ठेवतात आणि अचानक घाबरणं किंवा पळणं यामुळे ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो, अगदी पहिल्यांदा हुंगणाऱ्यालाही. शांतपणे जवळ जा, खिडक्या उघडा, बसवा. आपल्या शिक्षकी संस्कारांच्या हे बरोबर उलट आहे, म्हणून सराव करून घ्या.

आणि व्हेपला 'नुसतं निकोटीन' समजू नका. बाथ विद्यापीठाने २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या ३८ शाळांतून जप्त केलेले व्हेप तपासले. साधारण सहापैकी एकात स्पाइस निघालं, म्हणजे गांजासारखं पण कितीतरी घातक कृत्रिम रसायन. ओढणाऱ्या मुलांनाही ते ठाऊक नसतं.

हटवादी

बरं. वैद्यकीय भागाला माझा विरोध नाही, त्या पोराच्या जागी माझा असता तर मलाही फोन यायला हवा होता. पण विकणाऱ्याचं काय? जो मुलगा दप्तरात माल आणून सहावीच्या पोरांना देतो, त्यालाही समुपदेशन आणि मायेचा हात? तसं असेल तर मी समितीत उघड विरोध करणार.

तळटीप

हटवादी साहेबांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, आणि बऱ्याच नियमावल्या इथेच घोळ घालतात. घेणं आणि पुरवणं ही दोन वेगळी कलमं हवीत. पुरवठ्याच्या प्रकरणात शाळेने स्वतः तपास अधिकारी व्हायला जाऊ नये, कायद्यात जी यंत्रणा आहे तिला कळवावं आणि लहान मुलांना वेगळं सुरक्षित करावं. फक्त एक भान ठेवा: मित्राला एक झुरका देणारा आणि मागे कोणी मोठा माणूस उभा आहे असा पुरवठादार, हे एक नव्हेत. लहान मुलाला हाताशी धरणारा मोठा सापडेपर्यंत मूल अर्धं पीडितही असतं. ते ठरवायला शाळेबाहेरचं कोणी असलेलं बरं.

पिंपळपान

व्याख्यानाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे एकदा सडलेल्या फुप्फुसांची चित्रं दाखवून झाली. पोरं मागच्या बाकावर खिदळत होती आणि मधल्या सुट्टीत कुठली गोळी कशी लागते, याची चर्चा. माहिती नव्हती त्यांनाही ती मिळाली.

अनवट

नेमकं हेच. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला डेअर कार्यक्रम बघा: गणवेशातला पोलीस वर्गात येऊन शिकवतो. देशभर पसरला, पालकांना आवडला, टी-शर्टही खपले. १९९४ पासून एकामागून एक मूल्यमापनांत नशेवर जवळपास शून्य परिणाम दिसला, आणि २००९ पासून त्यांनी अभ्यासक्रमच बदलला. युनेस्को, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं अंमली पदार्थ कार्यालय यांच्या २०१७ च्या संयुक्त पुस्तिकेतही भीती घालण्यापेक्षा कौशल्यं शिकवण्यावर भर आहे. गटात 'नको' कसं म्हणायचं, ताण आला तर काय करायचं, आणि 'सगळेच घेतात' हा भ्रम. मुलं बरोबरीच्यांच्या नशेचा अंदाज बहुधा खऱ्यापेक्षा जास्त लावतात. निनावी पाहणी करून खरा आकडा वर्गात सांगितला तर तो भ्रम थोडा उतरतो.

आइसलँडची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. १९९८ मध्ये १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी आधीच्या महिन्यात झिंगल्याचं सांगितलं होतं, २०१६ मध्ये ५ टक्क्यांनी. त्यांनी दरवर्षी मुलांची पाहणी केली आणि प्रत्येक शाळेला तिचे आकडे लगेच परत दिले. दुपारच्या खेळांना, संगीताला पैसे दिले. पालकांकडून आपसात लेखी करार करून घेतले. रात्री मुलांनी बाहेर राहण्याच्या वेळा पाळल्या जातात का, ते बघायला पालक गटाने रस्त्यावर फिरत.

हटवादी

देश केवढा, माणसं किती!

अनवट

मान्य. म्हणून देश नको, एक शाळा घ्या. निनावी पाहणी आणि पालकांचा करार यांना देश लागत नाही. पालकांच्या करारात पहिली ओळ ही हवी: माझ्या घरी, माझ्या देखरेखीखाली, दुसऱ्याच्या अल्पवयीन मुलाला मी दारू देणार नाही. सभेत ओरडणाऱ्यांपैकी किती जण सही करतात ते बघा.

पिंपळपान

हा हा. आमच्या सभेत निम्मे खाली बघतील.

उंबरठा

सगळ्यांचे आभार, हटवादींचे विशेष. पुरवठ्याचं कलम त्यांच्यामुळे वेगळं झालं. कच्चा मसुदा असा:

जीव आधी. कोणीही, स्वतःसाठी किंवा मित्रासाठी, मदत मागायला आलं तर मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर नशा केल्याबद्दल कारवाई नाही. (पालकांना कळवणार, ते लपवणार नाही.) हे वाक्य प्रत्येक वर्गात आणि स्वच्छतागृहाच्या दारावर लावायचं.

घेताना सापडल्यास त्याच दिवशी पालक, त्याच आठवड्यात समुपदेशक. शाळेतून काढणं नाही. शिक्षा असेल ती शाळेच्या आवारातच, अभ्यास न बुडवता. समुपदेशकाची टिपणं शिस्तीच्या फायलीत जाणार नाहीत. अपवाद फक्त जिवाला धोका किंवा कायद्याने कळवणं बंधनकारक असेल तेवढाच. पुन्हा सापडल्यास बाहेरची तज्ज्ञ तपासणी. पुरवठा हे स्वतंत्र कलम, तळटीप यांच्या शब्दांत. सरसकट चाचणी नाही. व्याख्यान नाही, त्या पैशांत दोन शिक्षकांचं प्रशिक्षण.

परतीचं कलम: मूल काही कारणाने गैरहजर राहिलं तर येण्याच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षक, पालक आणि मूल यांची बैठक. बुडालेला अभ्यास कधी भरायचा ते लेखी. सगळ्यांसमोर दप्तर तपासणी नाही. रोज एका ठरलेल्या शिक्षकाकडे दोन मिनिटं जायचं, आणि तो शिक्षक मुलाने निवडायचा.

खडूफळा

शेवटचं वाक्य ठेवाच. मुलं सहसा ज्याच्याकडे जातील असं आपल्याला वाटतं त्याला निवडत नाहीत. ग्रंथपाल, प्रयोगशाळेतले मदतनीस, यांनाही यादीत घ्या.

एक भर: शिक्षकच दारू पिऊन सहलीला आले तर? सहल आणि संमेलनात मोठ्यांनाही तोच नियम, हे स्पष्ट लिहा. नाहीतर बाकीच्या कलमांवर मुलं हसतील.

हटवादी

'शाळेतून काढणं नाही' याला माझा विरोध कायम. तिसऱ्यांदा सापडला तर? तिथे काहीतरी लिहा, नाहीतर मतदानात पडेल.

उंबरठा

तिसऱ्यांदासाठी असं चालेल का: उपचार चालू असेल तर जागा राखून ठेवायची, पालकांनी उपचारालाच नकार दिला तर समिती निर्णय घेईल?

हटवादी

एवढं असेल तर मी बाजूने मत देईन. नाखुशीने.

तळटीप

जप्त वस्तूचं राहिलं. दोन जणांसमोर पाकिटात बंद, त्यावर वेळ आणि दोघांच्या सह्या, कुलपात ठेवायची. हुंगून बघायचं नाही, संडासात टाकून पाणी सोडायचं नाही, आणि 'उद्या बघू' म्हणून शिक्षकाने स्वतःच्या खिशात घालून घरी तर मुळीच न्यायची नाही. व्हेपमध्ये लिथियमची बॅटरी असते, तो कागदांच्या कपाटात नको, पत्र्याच्या डब्यात ठेवा.

रिकामटेकडा

आमच्या स्टाफरूममधल्या कपाटाचं कुलूप गेली कित्येक वर्षं मोडलेलं आहे. कलम एक: कुलूप आणा.